भूमध्य समुद्रात छोट्या बोटीने: केबिन नंतर बघा, धक्का आधी बघा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही देवगडचे, हापूसची कलमं आहेत. बाबा 68 वर्षांचे, आई 64 ची. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून दोघांना भूमध्य समुद्रात एखाद्या छोट्या, ऐषारामी बोटीवरून फिरवून आणायचं मनात आहे. आईचे गुडघे दुखतात, माळ घातल्यापासून ती शाकाहारी आहे आणि तिला बोट लागते. बाबा मासेखाऊ, आजोबांच्या मचव्यावर वाढलेले, त्यांना शिडाचीच बोट हवी. आंबा आणि गणपती सांभाळून कधी पाठवावं, कुठल्या बोटीने, कुठल्या मार्गाने? एवढा पैसा घालून तो वसूल होतो का?"

आधी उत्तर, मग कारणं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवा. व्हेनिस किंवा दुब्रोवनिकहून निघून एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्याने, म्हणजे क्रोएशिया-माँटेनेग्रोच्या बाजूने, ग्रीसकडे उतरणारी सात ते नऊ रात्रींची सफर घ्या. बोट शंभर ते साडेतीनशे प्रवाशांची आणि लिफ्ट असलेलीच. बाबांचा शिडाचा हट्ट अर्धा पुरवता येईल, कसा ते पुढे सांगतो. आणि दोघांनाच पाठवू नका, बरोबर आणखी एक जोडपं द्या. मी बरीच वर्षं बोटीवर होतो, पर्सरच्या, म्हणजे प्रवाशांचे हिशेब आणि सोयी बघणाऱ्या, खात्यात. हजारो प्रवाशांच्या अवाढव्य बोटींवरही आणि शंभर-सव्वाशे पाहुण्यांच्या यॉटवरही. आता रत्नागिरीत बसून लोकांच्या सफरी आखतो. विकणारा काय बोलतो आणि बोटीवर प्रत्यक्षात काय होतं, हे दोन्ही पाहिलेलं आहे.

लक्झरी म्हटलं की लोक केबिनचे फोटो बघत बसतात. संगमरवरी बाथरूम, उशांची यादी, शँपेनची बाटली. हे सगळं मोठ्या बोटीच्या महागड्या मजल्यावरही मिळतं. छोट्या बोटीवर आपण जास्तीचे पैसे मोजतो ते धक्क्याचे: बोट नेमकी कुठे लागते आणि किती वेळ लागून राहते, याचे. व्हेनिसचं उदाहरण घ्या. 2021 च्या ऑगस्टपासून 25,000 टनांवरच्या बोटींना सान मार्कोसमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या पत्रकात 'व्हेनिस' छापलेलं असतं आणि प्रवासी उतरतो मार्गेरा, रावेन्ना नाहीतर त्रिएस्त अशा दुसऱ्याच बंदरात. रावेन्नाहून व्हेनिस म्हणजे बसने दोन-अडीच तास. क्रोएशियाच्या कोर्चुला बेटावर छोटी बोट जुन्या गावाच्या तटाला खेटून लागते. जिन्यावरून उतरलं की चार पावलांवर वेस.

दुसरी गोष्ट वेळेची. मोठ्या बोटी बहुतेक सकाळी आठला येतात आणि संध्याकाळी पाच-सहाला सुटतात, कारण खुल्या समुद्रात गेल्याशिवाय त्यांचे कॅसिनो आणि दुकानं उघडत नाहीत. छोट्या बोटीला कॅसिनोचं फारसं नसतं, ती रात्री दहा-अकरापर्यंत थांबते, कधी मुक्कामही करते. दुब्रोवनिकमध्ये दिवसा मुख्य रस्त्यावर खांद्याला खांदा लागतो. संध्याकाळी सातनंतर त्याच रस्त्यावर गावातली म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली असतात. तुमच्या आई-बाबांना हे गाव संध्याकाळीच दिसायला हवं.

म्हणून पत्रक हातात आलं की केबिनचं पान उलटून सरळ वेळापत्रकावर जा. प्रत्येक बंदरासमोर आगमन-निर्गमनाच्या वेळा असतात. दोन्ही वेळा लिहून काढा आणि जमिनीवरचे एकूण तास मोजा. मग बंदराच्या नावापुढे नांगराची खूण किंवा 'टेंडर' असा शब्द आहे का ते बघा. खूण असली म्हणजे बोट धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकते आणि लहान होडीने किनाऱ्यावर नेते. आठवड्यात अशी दोनपेक्षा जास्त बंदरं असतील तर आईंच्या गुडघ्यांसाठी ती सफर नाही, मग बोट कितीही देखणी असो.

टेंडर म्हणजे काय ते कोकणातल्या जुन्या माणसांना समजवावं लागत नाही. मुंबई-गोवा आगबोट चालायची तेव्हा हर्णै, मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. बाहेर थांबायची आणि पोराबाळांसकट, ट्रंकांसकट सगळे पडावात उतरायचे. भूमध्य समुद्रात अजूनही तेच चालतं, फक्त पडावाला छप्पर, इंजिन आणि गाद्या आल्यात. बोटीच्या पोटातून एक दार उघडतं, पाण्याच्या जेमतेम वर एक फळी असते. टेंडर त्या फळीला घासत वर-खाली होत राहतो. दोन्ही बाजूंना एकेक खलाशी उभा असतो. तो हात धरत नाही, मनगट धरतो, आणि आपणही त्याचं मनगट धरायचं. घामाचा हात सुटतो, मनगट सुटत नाही. होडी वर येऊन क्षणभर थबकते तेव्हा पाऊल टाकायचं, ती खाली जाताना कधीच नाही. खलाशी "आता" म्हणेपर्यंत थांबायचं. आईंना हे आधी सांगून ठेवा. आणि त्या दिवशी साडी नको, सलवार-कमीज आणि रबरी तळाचे बूट. साडीचा काठ पायात आला तर पर्सरच्या खात्यातल्या माणसाचा जीव वर-खाली होतो.

ग्रीसचं सांतोरिनी बेट हे याचं टोकाचं उदाहरण. तिथे सगळ्याच बोटी नांगर टाकतात. टेंडरने खालच्या जुन्या बंदरावर जायचं, तिथून वर गाव म्हणजे जवळपास सहाशे पायऱ्या, नाहीतर केबल कार. केबल कारला मोठ्या बोटीच्या दिवशी तास-तासभर रांग लागते. गाढवंही आहेत, पण त्यांच्या हालअपेष्टा बघून मी कोणालाच ती सुचवत नाही. फोटोसाठी सांतोरिनी हवीच असा सुनांचा-मुलांचा आग्रह असतो. आईंना मात्र तिथला बराचसा दिवस उन्हातल्या रांगेत जाईल.

आता हंगाम. देवगडच्या माणसाला मार्च ते मे हलता येत नाही हे मला सांगायला नको. कॅनिंगचा आंबा गाडीत चढला, मिरग लागला की बागायतदार मोकळा. नेमका तोच काळ तिकडे उत्तम. जूनमध्ये एड्रियाटिकचं पाणी पोहण्याइतकं उबदार झालेलं असतं, दिवस मोठा असतो, रात्री नऊपर्यंत उजेड. जुलै-ऑगस्ट टाळा. एक तर युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्या, गर्दी, ऊन. शिवाय ग्रीसच्या ईजियन समुद्रात तेव्हा मेल्टेमी नावाचा वारा वाहतो.

या मेल्टेमीची आपल्या माणसाला खास सूचना द्यावी लागते, कारण कोकणातला अंदाज तिथे चालत नाही. आपल्याकडे वारा फिरायच्या आधी पश्चिमेला काळवंडतं, तांडेल बघतो आणि होडी खाडीत घेतो. मेल्टेमी निळ्याशार, ढगाचा ठिपकाही नसलेल्या आकाशात सुटतो. उत्तरेकडून येतो, दुपारी चढतो, कधी दोन-तीन दिवस पडतच नाही, आणि वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्टच्या मापाने सात-आठपर्यंत जातो. त्याचा संबंध आपल्या मान्सूनशी आहे. उन्हाळ्यात दक्षिण आशियावर जो कमी दाब तयार होतो त्याचा पट्टा पश्चिमेला तुर्कस्तानपर्यंत पोचतो, आणि बाल्कनवरच्या जास्त दाबाकडून हवा तिकडे धावते. म्हणजे आपल्याकडे मासेमारी बंद ठेवणारं वातावरणच तिकडे ग्रीसच्या मिकोनोस बेटाचं टेंडर बंद ठेवतं. अशा वेळी कप्तान बंदर गाळतो. त्याला तो अधिकार करारात दिलेला असतो आणि त्या बंदराचा कर सोडला तर पैसे परत मिळत नाहीत. प्रवासी मग निरभ्र आकाशाकडे बोट दाखवून रिसेप्शनवर भांडतात.

गणपतीनंतर पाठवायचं ठरलं तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हाही चांगला काळ. पाणी जूनपेक्षा गरम असतं. तेव्हा मात्र सिसिली-माल्टा बाजू घ्या, एड्रियाटिकमध्ये पावसाच्या सरी सुरू होतात.

भरती-ओहोटीचं एक सांगून टाकतो. आपल्याकडे उधाणाला अडीच-तीन मीटरचा फरक पडतो, धक्क्यावरून होडीत उतरताना सगळं त्यावर. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी हा फरक हातभरसुद्धा नसतो. त्यामुळे धक्क्याला लागलेल्या बोटीचा जिना दिवसभर जवळजवळ त्याच उतारावर राहतो. सकाळी आईंना जिना जमला तर संध्याकाळीही जमेल.

बोट लागण्याबद्दल. छोटी बोट मोठीपेक्षा जास्त हलते, हे कोणी नाकारत असेल तर त्याच्याकडून तिकीट घेऊ नका. स्टॅबिलायझर म्हणजे बोटीच्या पोटाशी असलेले पंख. ते बोट चालत असताना चांगलं काम करतात, नांगरावर त्यांचा उपयोग कमी. भूमध्य समुद्रातली लाट आपल्या अरबी समुद्राच्या लांब लाटेसारखी नसते, आखूड आणि खडी असते, त्यामुळे डोलण्यापेक्षा दणके बसतात. यावर खरा उपाय मार्गाचा आहे. क्रोएशियाच्या किनाऱ्याला समांतर हजारावर बेटं आणि खडक आहेत, बोट बराच वेळ त्यांच्या आडोशाने जाते, आणि दोन बंदरांमधलं अंतर रात्रीच्या झोपेत संपतं. गोळी घ्यायची तर ती आदल्या रात्री, पोटात ढवळायला लागल्यावर नव्हे. कुठली घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण या गोळ्यांनी गुंगी येते आणि रक्तदाबाच्या औषधांबरोबर काय चालेल ते त्यांनाच माहीत. आलेपाकाची पुडी बरोबर असू द्या. केबिन खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर घ्या, वरची बाल्कनीवाली नव्हे.

केबिनच्या बाबतीत आणखी एक, जे पत्रकात छापत नाहीत. अगदी पुढची केबिन स्वस्त का असते? तिच्या पलीकडे नांगराची साखळी असते. सकाळी सहाला नांगर सुटला की भिंतीपलीकडून लोखंडाच्या कड्यांचा गडगडाट होतो, झोपलेला माणूस उठून बसतो. अगदी मागची असेल तर इंजिनाची थरथर. आराखडा मागवा आणि मधल्या तिसऱ्या भागातली केबिन पकडा. बाल्कनीसाठी हट्ट नको. सीड्रीम कंपनीच्या दोन यॉटवर तर बाल्कनीच नाही, आणि तिथे 112 पाहुण्यांमागे सुमारे 95 कर्मचारी आहेत. दुसऱ्या दिवशी वेटरला आईंचा बिनसाखरेचा चहा पाठ असतो. मला विचाराल तर ऐषाराम म्हणतात तो हा.

आता बाबांचं शीड. रॉयल क्लिपर ही पाच डोलकाठ्यांची, 134 मीटर लांब बोट खरीखुरी शिडाची आहे: 42 शिडं, 227 प्रवासी, दोरखंड ओढणारे खलाशी. पुढच्या टोकाला पाण्यावर जाळं लावलेलं असतं, त्यावर आडवं पडून खालून पाणी फाटताना बघता येतं. बाबा त्या जाळ्यावरून उठायचे नाहीत. पण या बोटीला लिफ्ट नाही, शीड फुगलं की ती एका बाजूला कलते, आणि जिने चढताना आईंचे हाल होतील. विंडस्टार कंपनीच्या दोन छोट्या शिडाच्या बोटींवरही लिफ्ट नाही. त्यांच्याच विंड सर्फवर आहे. पाच डोलकाठ्या, 342 प्रवासी. शिडं मात्र बटणावर उघडतात. संध्याकाळी बंदर सोडताना पांढरं कापड आपोआप सरसरत वर जातं, गाणं लावतात, सगळे टाळ्या वाजवतात. मचव्यावर वाढलेला माणूस पहिल्या दिवशी नाक मुरडेल. तरी मी हीच सुचवीन, कारण शीड आणि लिफ्ट एकत्र क्वचितच मिळतात. आणि सफर क्रोएशियाच्या विस बेटावर थांबत असेल तर बाबांना कोमिझा गावात धाडा. तिथल्या कोळ्यांची फाल्कुशा नावाची जुनी लाकडी होडी, तिच्या प्रतिकृती पाण्यावर आहेत. तिरक्या काठीवरचं ते तिरपं शीड बघून त्यांना आजोबांचा मचवा आठवेल, आणि दोन खलाशी एकमेकांच्या भाषेविना तासभर बोलतील.

क्रोएशियात तीस-चाळीस प्रवाशांच्याही बोटी आहेत, किमतीने निम्म्या. तरुण मंडळींना मी त्या डोळे झाकून देतो. तुमच्यासाठी नको. संध्याकाळी बंदरात गर्दी झाली की त्या एकमेकींना चिकटून लागतात, आणि तुमची बोट चौथी असेल तर तीन बोटींच्या कठड्यांवरून पाय टाकत धक्क्यावर जायचं. दुसरं कारण डॉक्टरांचं. आंतरराष्ट्रीय नियमाने 100 किंवा अधिक माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या बोटीवर डॉक्टर असावाच लागतो. त्याखालच्या बोटीवर तो नसला तरी नियम मोडत नाही. 68 वर्षांच्या माणसासाठी शंभर ही खालची मर्यादा धरा. बोटीवरच्या डॉक्टरची फी मात्र तुमच्या खात्यावर लागते आणि ती सणसणीत असते. विमा घेताना समुद्रसफर, हेलिकॉप्टरने हलवणं आणि आधीपासूनचे आजार या तिन्ही गोष्टी त्यात लेखी आहेत का ते बघा. रक्तदाब लपवून घेतलेला विमा ऐनवेळी कामाला येत नाही.

बंदरं गुडघ्यांच्या दृष्टीने सांगतो. माँटेनेग्रोतलं कोटोर: धक्क्यासमोर रस्ता ओलांडला की शहराची वेस, सगळं सपाट, वरचा किल्ला फक्त बघायचा, चढायचा नाही. कोटोरच्या आखातात शिरतानाचा दीड-दोन तास मात्र दोघांनी डेकवर काढायचा, पहाटे असला तरी. दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरतात, मध्ये पेरास्तसमोर चर्चचं इवलंसं बेट. दुब्रोवनिक: आत सपाट, पण तटबंदीची सुमारे दोन किलोमीटरची फेरी पायऱ्यांची, बाबा एकटे जातील, आई खाली कॉफी घेतील. ह्वार: चौकापर्यंत ठीक. कॉर्फू: सोपं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माल्टाला गेलात तर व्हॅलेट्टामध्ये धक्क्याजवळून वर शहरात नेणारी 58 मीटर उंचीची लिफ्टच आहे. तुर्कस्तानातलं इफेसस करायचं झालं तर वाहनवाल्याला सांगा, वरच्या दाराशी सोड आणि खालच्या दाराशी घे. म्हणजे सेल्ससच्या ग्रंथालयापर्यंत सगळा उतार. अमाल्फीचं कॅथेड्रल 62 पायऱ्यांवर आहे, तिथे खालून नमस्कार.

ग्रीसमधला कोरिंथचा कालवा वाटेत असेल तर सोन्याहून पिवळं. 1893 साली खुला झालेला, सुमारे 6.3 किलोमीटरचा, तळाशी जेमतेम 21 मीटर रुंद. खडकाच्या उभ्या भिंती दोन्हीकडे इतक्या जवळ येतात की डेकवरची माणसं आपोआप आवाज खाली आणतात. विंड सर्फ त्यात मावत नाही, सीड्रीमसारखी अरुंद यॉट मावते. 2021 मध्ये दरडी कोसळून तो बंद पडला होता आणि त्यानंतर दुरुस्तीसाठी मधूनमधून बंदच असतो. परशुराम घाटाचे अनुभव असलेल्यांना आणखी सांगायला नको. बुकिंग करताना चालू आहे का ते विचारा.

जेवणाचं. बाबांना अडचण नाही, तरी एक अपेक्षा कमी करून पाठवा. ते पाणी इतकं निळं दिसतं कारण त्यात आपल्या समुद्राच्या मानाने माशांचं खाद्य कमी असतं. आपला समुद्र गढूळ आणि मासळीने भरलेला. तिकडे मासा मोजका, महाग आणि मिठा-लिंबावर भाजलेला. सुरमईच्या तिखल्याची आठवण तिसऱ्या दिवशी येते. ऑक्टोपस आणि ताजी तारली मात्र खावीच.

आईंसाठी सफरीच्या किमान दोन महिने आधी आहाराचा अर्ज भरा आणि त्यात नुसतं 'शाकाहारी' लिहून थांबू नका. युरोपात त्याचा अर्थ स्वयंपाक्यागणिक बदलतो, मासा चालत असेल असंही धरतात. स्पष्ट लिहा: मांस नाही, मासा नाही, अंडं चालतं की नाही, कोंबडीच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजवलेला भात-सूप नाही, जिलेटिन नाही. रिसोटो आणि सूप इथेच लोक फसतात. दूध-दही-लोणी चालतं हेही लिहा, नाहीतर आठवडाभर बदामाचं दूध मिळेल. पार्मेझान चीजमध्ये दूध घट्ट करणारं, वासराच्या जठरातलं रेनेट असतं. माळकऱ्याला ते चालायचं नाही. पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटून हेच पुन्हा तोंडाने सांगायचं. ग्रीक लोकांच्या उपासाच्या जेवणात ऑलिव्ह तेलातल्या भाज्या, मोठे वाल, सांतोरिनीच्या पिवळ्या डाळीचा घोटलेला फावा असतो. तो फावा आईंना वरणाच्या जवळचा वाटेल. एकादशी आली तर फळं, दही आणि उकडलेला बटाटा आदल्या दिवशी सांगून ठेवावा.

घरून काय न्यावं? मेतकूट, चटण्या, भाजणीची चकली चालते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे पेढे नाहीत, तुपातले लाडूही घरीच. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून कप्तानाला द्यायला हापूसची पेटी न्यायचा बेत असेल तर तो सोडा. 2014 साली फळमाशीमुळे युरोपने आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, ती 2015 च्या जानेवारीत उठली. तेव्हापासून तपासणी कडक आहे. प्रमाणपत्रातून सूट असलेल्या मोजक्या फळांत केळं आणि नारळ आहेत. तेव्हा बोट सुटताना समुद्राला नारळ द्यायची हौस बाबांना असेलच तर तो नेता येईल. फक्त पाण्यात टाकण्याआधी खलाशाला विचारा, बोटीवरून काहीही समुद्रात टाकायला सक्त मनाई असते.

व्हिसा हा बागायतदारांचा वेगळा विषय. व्हेनिस ते अथेन्स मार्गात मधलं माँटेनेग्रो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही (क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून आहे). म्हणजे आई-बाबा शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येणार. व्हिसा अनेक प्रवेशांचाच मागा. एका प्रवेशाचा मिळाला तर ग्रीसमध्ये उतरता येणार नाही. वैध शेंगेन व्हिसावर माँटेनेग्रोत वेगळा व्हिसा लागत नाही. अर्ज कुठल्या देशाकडे, तर जिथे जास्त रात्री त्याच्याकडे. व्हेनिसची एक, क्रोएशियाच्या तीन, ग्रीसच्या तीन अधिक अथेन्समध्ये उतरल्यावरच्या दोन, असा हिशेब झाला तर ग्रीस. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटीची उरलेली रक्कम बहुधा 90 ते 120 दिवस आधी भरायची असते आणि त्यानंतर रद्द केलं तर मोठा भाग जातो. म्हणून व्हिसा त्या तारखेच्या आधी हातात येईल अशी आखणी करा. जूनची सफर असेल तर डिसेंबर-जानेवारीतच कागद लावा, मोहोराच्या फवारण्यांच्या धांदलीत राहून जातं.

कागद म्हणजे काय? आंब्याचं उत्पन्न शेतीचं, करमुक्त, म्हणून बऱ्याच जणांकडे आयकर विवरणपत्रच नसतं आणि व्हिसा अधिकाऱ्याला पहिल्यांदा तेच हवं असतं. नसलं तर सातबारा, वाशीच्या दलालाच्या पट्ट्या, कॅनिंगवाल्याच्या पावत्या आणि त्याच रकमा जमा झालेलं बँकेचं खातं, असं जुळवून द्या. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडा. अर्जाच्या आठवड्यात अचानक भरलेले पाच लाख संशय वाढवतात. शिवाय परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे आधीच गोळा केलेला आयकर, घेतो. तो परत मिळवायचा तर विवरणपत्र भरावंच लागतं. या निमित्ताने भरायला लागा.

खर्च: जूनच्या आठवड्याला माणशी साधारण साडेतीन ते सात हजार डॉलर, विमान आणि व्हिसा वेगळे. वरच्या कंपन्या याच्याही पुढे जातात. भाव ताडताना काय आत आहे ते बघा. सीड्रीमच्या भाड्यात पेयं आणि बक्षिसी आत असते, रॉयल क्लिपरवर दोन्ही वेगळी. आई-बाबा दारू घेत नसतील तर 'सगळी पेयं आत' याचे पैसे फुकट जातात. अशांना पेयं वेगळी असलेली बोट परवडते. ग्रीसने 2025 पासून बोटीच्या प्रवाशांवर कर लावलाय, उन्हाळ्यात सांतोरिनी-मिकोनोसला माणशी 20 युरो आणि इतर बंदरांना 5. तो बिलात वेगळा दिसेल.

वसूल होतो का, याचं उत्तर माणसावर आहे. संध्याकाळी नाच-गाणी, जादूचे प्रयोग, भारतीय बुफे आणि ओळखीपाळखीची गर्दी हवी असेल तर छोटी बोट कंटाळवाणी होईल. मोठी घ्या, पैसेही वाचतील. छोट्या बोटीवर रात्रीच्या जेवणाला बहुतेक निवृत्त अमेरिकन आणि इंग्रज असतात, टेबलं एकत्र होतात आणि गप्पा इंग्रजीत. बाबांना ते जमत नसेल तर चौथ्या दिवसापासून दोघं केबिनमध्ये जेवायला लागतील. असं मी पाहिलंय. म्हणूनच म्हटलं, आत्या-काका किंवा मामा-मामी बरोबर द्या. चौघांचं टेबल झालं की भाषेचा प्रश्न मिटतो आणि रात्री लाडीसचा डावही बसतो.

शेवटचं प्रवासाचं. बोट कोणासाठी थांबत नाही. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू होतात; महामार्गावर काय होईल ते दरवर्षी बघतोच. देवगडहून मुंबईला विमानाच्या दोन दिवस आधी पोचा आणि व्हेनिसला बोटीच्या आदल्या दिवशी. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मोठी बॅग बोटीवर केबिनच्या दारात संध्याकाळपर्यंतही येते. बोट सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होईल, लाइफ जॅकेट घालून दाखवतील. 2012 साली कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली तेव्हा बऱ्याच प्रवाशांची ती कवायत व्हायची होती, 32 माणसं गेली. त्यानंतर ती आधी घेणं सक्तीचं झालं. बाबा म्हणतील, मला काय शिकवताय. तरी त्यांना जायला लावा.

एजंटला पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागवा: कुठल्या बंदरात धक्का आणि कुठे टेंडर, लिफ्ट कुठल्या मजल्यापासून कुठल्या मजल्यापर्यंत जाते, आणि तुमच्या केबिनचा क्रमांक आराखड्यावर खूण करून. तोंडी "होऊन जाईल हो" म्हणाला तर दुसरा एजंट बघा.